चौकशी स्वयंपाकघरात

आमच्या पोलीस ठाण्यात पासपोर्टचं काम बघणारे एक हवालदार होते. त्यांना शिव्या घातल्या नाहीत असा माणूस पनवेलमध्ये सापडणं कठीण. मी स्वतः पहिले सहा महिने मनातल्या मनात घालत होते, नंतर थोड्या मोठ्याने घालायला लागले. त्यांना ऐकू जायचं, पण ते मान डोलवून म्हणायचे, "बोल बाय, बोल. पोटात ठेवू नको."

मी सांगोल्याकडची. नवीन भरती, तोंडाची फटकळ, आणि आल्या आल्या माझ्या हातात सरकारी टॅब देऊन मला यांच्या हाताखाली बसवलं. कारण यांना टॅब वापरता येत नव्हता. येत नव्हता म्हणजे त्यांनी तो शिकायचाच नाही असं ठरवलं होतं. कुणी हातात दिलाच तर ताटावर झाकण धरावं तसा धरायचे. काम साधं होतं. अर्जदाराच्या घरी जायचं, कागद बघायचे, फोटो काढायचा, बटण दाबायचं. दहा मिनिटांचं काम. हवालदारांना त्याला दीड तास लागायचा, आणि त्यातला सव्वा तास ते स्वयंपाकघरात असायचे.

खरंच सांगते. घरात शिरले की हॉलमध्ये सोफा, पंखा, अर्जदार सगळं मांडून तयार असायचं. अर्जदार फाईल पुढे करायचा. हे फाईलकडे बघायचेसुद्धा नाहीत. चपला काढायच्या, टोपी काखेत मारायची आणि विचारायचं, "आई कुठं हाय?" आई नसेल तर बायको, बायको नसेल तर आजी. मग सरळ आत. ओट्याला टेकून उभे राहायचे, नाहीतर पाटावर बसायचे, आणि चौकशी चालू. चौकशी म्हणजे एकच प्रश्न: पोराला बरोबर काय बांधून देणार?

या एका प्रश्नावर बायका काय बोलायच्या! मसाला किती, लोणचं कुठलं, पोरगा कसा नको नको म्हणतो, गेल्या वेळी विमानतळावर भाजणीची पिशवी कशी काढून घेतली. मायलेकांची तिथेच जुंपायची. "आई, बॅगेत जागा नाही!" "बूट तीन-तीन नेतोस, त्याला जागा आहे!" अशी भांडणं रंगात आली की हवालदार खूश. बाहेर येऊन मला खुणेनं सांगायचे, दाब बटण.

त्यांचं म्हणणं एवढंच होतं की जो जाताना भांडतो तो परत येतो. ज्याचं घरात भांडण नाही त्याच्याकडे दोनदा बघायचं.

या पद्धतीने एकदा मोठी गंमत झाली. पनवेलचे एक बडे व्यापारी ऑफिसच्या कामासाठी बँकॉकला निघाले होते. आमचे हवालदार आत जाऊन वहिनींना विचारतात, बरोबर काय देणार? वहिनी म्हणाल्या, काय म्हणजे? ते तर तिरुपतीला चाललेत. पुढे काय झालं ते मी सांगत नाही. त्या गृहस्थांनी वरपर्यंत तक्रार केली, आणि वहिनींनी दिवाळीला हवालदारांच्या घरी चिवड्याचा डबा पाठवला. डबा त्यांनी ठाण्यात आणून सगळ्यांना वाटला, आणि तक्रारीच्या कागदावरच चिवडा घेतला.

उशीर करण्याबद्दल त्यांना दर महिन्याला वरून कागद यायचा. कारणे दाखवा. हे कारणे दाखवायचे: "अर्जदाराच्या मातोश्री घरी नव्हत्या." साहेब कपाळावर हात मारून घ्यायचे.

माणूस उरणकडच्या एका गावातला. आगरी. वाडवडिलांची मिठागरं होती, ती गेली, त्यावर आता कंटेनर उभे आहेत. बोलणं शेवटपर्यंत गावाकडचंच राहिलं. कलेक्टर असो की कुणी असो, "आमी काय बोलतो साहेब" अशी सुरुवात. जेवणात रोज सुकट. त्या डब्यावरून माझं आणि त्यांचं कायम वाजायचं, कारण मी माळकरी घरातली आणि आमचं टेबल एकच. पण मी रजा काढून गावी निघाले की विचारायचे, आईला फोन केलास काय? केला म्हटलं की पुढचा प्रश्न, कोण ओरडलं, तू का ती?

एकदा आमच्या ठाण्याच्या हॉलमध्ये प्रशिक्षण लागलं. फलकावर लिहिलं होतं: "परदेशी दहशतवादी लढवय्ये : समस्येचे आकलन व प्रतिबंध". विषय गंभीर होता, थट्टेचा मुळीच नव्हता. आपल्याकडची पोरं कुणाच्या तरी नादाला लागून परक्या देशातल्या लढाईत जातात, तिथे मारतात आणि मरतात, आणि परत आलीच तर काय होऊन येतील सांगता येत नाही. ती जायच्या आधी ओळखायची कशी, हे शिकवायला वरून एक तरुण अधिकारी आले होते. हुशार माणूस. त्यांनी पडद्यावर लक्षणं दाखवली. पोरगा एकटा एकटा राहतो. मोबाईल लपवतो. जुने मित्र तोडतो. घरच्यांवर चिडतो. अचानक व्यायाम सुरू करतो. पेहराव बदलतो, दाढी राखतो.

मी मन लावून लिहून घेत होते. हवालदार शेजारी पेंगत होते. दाढीपाशी आल्यावर डोळे उघडले आणि हात वर केला.

"साहेब, ही तर सगळी आमच्या पुतण्याची लक्षणं हायत."

अधिकारी खुर्चीतून पुढे झाले. विचारलं, कुठे असतो पुतण्या? कधीपासून असं चाललंय?

"लग्न ठरल्यापासून," हवालदार म्हणाले.

मागच्या रांगेतल्या सगळ्यांनी टेबलाखाली तोंडं घातली. आमच्या मोठ्या साहेबांचा मुलगा त्या वेळी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होता, दाढी पोटापर्यंत आलेली. साहेबही हसू दाबत होते. अधिकारी मात्र चिडले. म्हणाले, मग तुम्ही कसं ओळखता? हवालदार उठून उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, आमी त्याच्या आयशीला विचारतो. पडदा बंद झाला, जेवणाची सुट्टी झाली. जेवताना ते अधिकारी ताट घेऊन यांच्याशेजारी येऊन बसले आणि बराच वेळ काहीतरी विचारत होते, हेही मी बघितलं.

मला तरी त्या यादीवरच भरवसा होता. छापील होती ना.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी करंजाड्यातला एक अर्ज आला. फैजान नावाचा मुलगा, बावीस वर्षांचा, कुरिअरच्या ऑफिसात कामाला. वडील कळंबोलीच्या लोखंड बाजारातून ट्रक घेऊन जायचे, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरी मायलेक दोघंच. फैजान परदेशी हॉटेलात नोकरीला निघाला होता. दाढी नाही, मिशी नाही, नम्र, फाईल नीट लावलेली. मी टॅब उघडून बसले. यादीतलं एकही लक्षण नव्हतं.

हवालदार आत. मीही मागे गेले, कारण चहाचा वास आला होता. त्याची आई पावटे सोलत होती. बरोबर काय देणार विचारल्यावर म्हणाली, काहीच नको म्हणतो. तिकडे सगळं मिळतं म्हणतो. आणि मग लेकाचं कौतुक सुरू झालं. किती बदलला म्हणून सांगू! आधी तोंड सोडायचा, आता वर मान करून बोलत नाही. बॅटला कुणाला हात लावू देत नव्हता, ती चुलतभावाला देऊन टाकली. मोटरसायकलसुद्धा मामाला दिली. "आणि परवा माझे पाय दाबत बसला हो. म्हणाला, अम्मी, माझं काही चुकलंमाकलं असेल तर माफ कर." सांगताना तिचे डोळे आनंदाने भरले होते. माझेही भरले. वाटलं, आमच्या भावाला इथे आणून बसवावं चार दिवस.

हवालदारांनी चहा अर्धा ठेवला. एवढ्या महिन्यांत त्यांनी कुणाच्या घरचा चहा टाकलेला मी पाहिला नव्हता. मला म्हणाले, बटण दाबू नको.

जिन्यात मी फणफणले. एवढा गुणाचा पोरगा, याला कशाला लटकवता? ते कठड्याला धरून उभे राहिले.

"बाय, नोकरीला जाणारा पोरगा आयशीकडं बॅग मागतो. माफी कशाला मागेल?"

ही गोष्ट त्याच्या आईला कळली नव्हती, मला कळली नव्हती, छापील यादीला कळली नव्हती.

मोठ्या साहेबांना त्यांनी तोंडी सांगितलं. साहेबांची पंचाईत झाली. वर कळवावं, तर पाय दाबल्याबद्दल पोराच्या नावाला जन्माचा डाग, आणि हवालदारांचा अंदाज चुकला असेल तर एका गरिबाच्या घराचं वाटोळं. न कळवावं आणि पोरगा निघून जावा, तर मेलोच. शेवटी साहेब म्हणाले, त्याचा अर्ज अडलाय तोवर तो कुठे जात नाही. पंधरा दिवस देतो. सोळाव्या दिवशी मी वर कळवणार, आणि मधल्या मधे तो गायब झाला तर तुमची पेन्शन कशी निघते ते बघतो. हवालदारांच्या निवृत्तीला तेव्हा आठ महिने होते.

मग त्यांनी जी कामाला सुरुवात केली! आयुष्यभर ज्या उशिराबद्दल बोलणी खाल्ली तो सगळा त्यांनी फैजानवर ओतला. शाळेचा मूळ दाखला आण. आणला, तर वीजबिल वडिलांच्या नावावर आहे, त्यांची सही आण. वडील ट्रकवर, सही दोन दिवसांनी आली. मग दोन शेजारी साक्षीला आण. एक आणला, तर म्हणाले वरच्या मजल्यावरचा नको, समोरच्या दारातला पाहिजे. पोरगा रोज यायचा, खाली मान घालून बसायचा, जी साहेब म्हणायचा. पाचव्या दिवशी त्याचा तोल गेला. फाईल टेबलावर आपटून म्हणाला, तुम्हाला कामं करायची नसतात, माणसांना नाचवायचं असतं. हवालदारांचा चेहरा उजळला. माझ्या कानात म्हणाले, भांडला. आता बरं हाय.

त्याच दिवशी त्यांनी त्याला सांगितलं की माझी दृष्टी अधू झालीय, मोटरसायकल चालवता येत नाही, तू चार दिवस मला फिरव, तुझं काम आधी करतो. ही शुद्ध थाप होती. चालत्या एसटीची पाटी ते नाक्यावरून वाचत. पण पोरगा तयार झाला. सकाळी कुरिअरला दांडी मारायचा आणि हवालदारांना घेऊन घरोघर. मी माझ्या स्कूटीवर मागे.

आता तीन माणसं स्वयंपाकघरात शिरायला लागली. एका घरी एक आगरी आजी दुबईच्या सहलीला निघाल्या होत्या. जमिनीचे पैसे आलेले, सगळं घर चाललं होतं, आणि आजींनी सुके बोंबील कपड्यांत गुंडाळून बॅगेत भरले होते. सुनेला पत्ता लागू नये म्हणून त्यांनी फैजानला बॅगेवर बसवलं आणि चेन ओढायला लावली. चेन तुटली. बोंबील, नऊवारी लुगडी, औषधं सगळं जमिनीवर. आजी फैजानला बोलल्या ते लिहिता येणार नाही. पोरगा आधी घाबरला आणि मग हसायला लागला. पोट धरून हसला. तो हसताना मी पहिल्यांदा बघत होते.

हवालदारांनी त्याला धर्म, देश, कायदा यावर एक शब्द ऐकवला नाही. मी सुचवलं होतं, समजावून सांगा म्हणून. ते म्हणाले, समजावणारे त्याला लय भेटले असतील. ते फक्त दुपारी डबा उघडून त्याच्यासमोर बसायचे. एका दुपारी पोरगा आपणहून बोलला. म्हणाला, अब्बा घरी नसतात, ऑफिसात कुणी नावाने हाक मारत नाही, नंबराने मारतात. फोनवर एक भाई भेटलाय, तो मात्र रोज न चुकता विचारतो, जेवलास का? दिवस कसा गेला? एवढं बोलून, आपण जास्त बोललो असं वाटून तो उठून गेला.

हवालदारांनी डबा बंद केला. "आपल्या आधी तो पोचला, बाय," म्हणाले. "जेवलास काय, हे आपण इचाराला पायजे होतं." त्या भाईचा मला असा काही राग आला की समोर असता तर वर्दी बाजूला ठेवून कानाखाली दिली असती. प्रेमाने विचारायचं आणि मरायला न्यायचं!

बाराव्या दिवशी हवालदार आम्हाला जुन्या पनवेलमधल्या एका गल्लीत घेऊन गेले. माझ्या टॅबवर त्या घरचा अर्जच नव्हता. एक म्हातारी बाई शिवणयंत्रावर बसलेली. हे तिला आपा म्हणाले, ती यांना भाऊ म्हणाली. या घरी ते दर महिन्याला येतात हे मला तेव्हा कळलं. आणि आणखी एक कळलं. हे हवालदार एके काळी जिल्ह्यात सगळ्यांत जलद काम करायचे. पाच मिनिटांत चौकशी, ठाण्यातल्या ठाण्यात, घर न बघता. त्याबद्दल त्यांना प्रशस्तिपत्र मिळालं होतं. आपाच्या मुलाचा पासपोर्ट त्यांनी त्या पाच मिनिटांत सोडला होता. मुलगा नोकरीला म्हणून गेला आणि परक्या लढाईत मेला.

हवालदार तिला म्हणाले, आपा, या पोराला सांग. तिने फैजानकडे पाहिलं. यंत्र थांबवलं.

"मेला तेवढं फोनवर कळलं. ते सोसलं. पण त्याच्या हातून तिथे कोण कोण गेलं? कोणाची पोरं? ते मला कोणीच सांगत नाही. माझ्या पोरासाठी दुवा मागायला हात वर करते, तर त्या आया समोर उभ्या राहतात. मी काय मागू, बाळा?"

परत येताना फैजान दोनदा रस्ता चुकला. मला खूप रडू येत होतं आणि हवालदारांचाही राग येत होता, की एवढं ओझं घेऊन हा माणूस इतकी वर्षं आम्हाला नुसतं हसवत बसला.

तेराव्या दिवशी पोरगा आला नाही. चौदाव्याला सकाळपासून हवालदार दाराकडे तोंड करून बसले होते. साहेब दोनदा येऊन गेले. दुपारी एकच्या सुमाराला फैजान आला, त्याने मोबाईल टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. नोकरी नव्हती. कुठे उतरायचं, पुढे कोण घेऊन जाणार, सगळं भाईने ठरवलं होतं. साहेबांनी ताबडतोब वर फोन लावला. तेवढ्यात फैजान म्हणाला, अजून एक आहे. कळंबोलीत राहतो. त्याच्याकडे पासपोर्ट आधीपासून आहे. त्याचं विमान आज संध्याकाळचं आहे.

वरची माणसं निघाली होती, पण वाशीच्या पुलावर अडकली होती. विमानतळावर कळवलं गेलं. आमची जीप बंदोबस्ताला गेलेली. साहेब दुसरी गाडी मागवत होते. फैजान म्हणाला, पोलीस गाडी बघून तो मागच्या जिन्याने जाईल. त्याला विमानतळावर पकडलंत तर तो कैदी होईल. मला त्याच्या घरी जाऊ द्या, तो माझं ऐकेल. साहेबांनी हवालदारांकडे पाहिलं. हवालदार उठलेच होते.

माझी स्कूटी नेमकी पंक्चर. हवालदारांच्या मोटरसायकलवर तिघं बसलो. पुढे फैजान, मधे हवालदार, मागे मी, एक हात टोपीवर. दोघं वर्दीत आणि हेल्मेट एकाच्याही डोक्यावर नाही. सिग्नलवर आमच्याच वाहतूक शाखेच्या शिपायाने शिट्टी मारली. हवालदारांनी त्याला चालत्या गाडीवरून सॅल्यूट केला. तो बिचारा शिट्टी तोंडात धरून तसाच उभा राहिला.

कळंबोलीतली चार मजली इमारत, दुसरा मजला. हवालदारांना जिना चढताना धाप लागली होती, तरी ते थांबेनात. फैजानने बेल दाबली. दार त्या पोरानेच उघडलं. एका पायात बूट होता, दुसरा हातात. मागे खुर्चीवर छोटीशी पाठपिशवी. त्याने फैजानला बघितलं, मागे आमची वर्दी बघितली, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

फैजानने त्याच्या हातातला बूट काढून घेतला. "मी नाही चाललो," म्हणाला. "बस जरा."

तो उभाच होता. हवालदार दाराच्या चौकटीला धरून उभे होते, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मग तो पोरगा हळूहळू तिथेच उंबऱ्यात खाली बसला आणि फैजान त्याच्याजवळ बसला.

आतून भांड्यांचा आवाज थांबला. त्याच्या आईने विचारलं, कोण आलंय रे?

तो आमच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मित्र आलाय, अम्मी."